कोर्सात लागलेली झोप

शोरूममधल्या मुलीचा फोन आला तेव्हा रूपाली दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून डब्यातली चपाती खात होती. सकाळचे आठ वाजले होते. वरच्या मजल्यावर सासूचं रक्त मशीनमधून फिरत होतं आणि ते पुरं व्हायला अजून दोन तास होते.

"मॅडम, तुमच्याकडं आमची स्पोर्ट मॉडेलची गाडी आहे ना? त्या गाडीच्या मालकांसाठी कंपनी निपाणीजवळ एक दिवसाचा परफॉर्मन्स ड्रायव्हिंगचा कोर्स ठेवतेय. बेळगाव भागात पहिल्यांदाच. फी काही नाही. तुमचं नाव घालू?"

"म्हणजे काय शिकवतात?"

"गाडी जोरात चालवायला, मॅडम. म्हणजे, नीट जोरात."

"दिवसभर असतंय?"

"रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच."

"एकट्यानं यायचं?"

"एकट्या आलात तरी चालेल."

"घाला नाव," रूपाली म्हणाली. आणि मग आपण हो का म्हणालो, याचा विचार तिनं उरलेली चपाती संपेपर्यंत केला.

रूपाली उचगावची सून. माहेर खानापूर तालुक्यातलं. वडील मारुतीराव भाताची शेती करायचे आणि त्यांना तिन्ही मुलीच, त्यामुळं ट्रॅक्टर चालवायला शिकवला तो थोरल्या रूपालीला. पुढं बेळगावात कॉलेजला असताना तिनं मोटारीचं लायसनही काढलं. लग्न ठरताना सासरच्यांनी त्याचं कौतुक केलं आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं ते लायसन कपाटात पडून राहिलं. ती टिळकवाडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क, दुपारच्या पाळीला. नवरा नागेंद्र उद्यमबागेत लेथवर होता. एके दिवशी लोखंडाची कपची उडाली आणि त्याचा डावा डोळा गेला. आता तो त्याच कारखान्यात स्टोअरला बसतो. तेव्हापासून त्यानं मोटरसायकलसुद्धा सोडली.

सासू नागुबाईंची किडनी तीन वर्षांमागं निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागलं. पहिलं वर्ष रिक्षात गेलं. जाताना ठीक असायचं. येताना बाईंचं डोकं गरगरायचं, रक्तदाब उतरलेला असायचा, आणि रिक्षा जरा उडाली की ओकारी व्हायची. पुण्याला असलेले थोरले दीर रविराज एकदा आले, त्यांनी आईची ती दशा बघितली आणि दुसऱ्याच दिवशी शोरूम गाठलं. बाकीच्या गाड्यांना तीन महिने थांबायला लागणार होतं. उभ्या उभ्या मिळण्यासारखी एकच होती, लाल शिलाईच्या सीटांची, स्पोर्टची. रविराजनी तीच घेतली.

ती चालवणार कोण, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सगळ्यांनी नुसतं रूपालीकडं बघितलं. गाडी तिच्याच नावावर झाली.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. पहाटे सव्वापाचला उचगावातून निघायचं, सहाच्या आत बाईंना खाटेवर झोपवायचं, दहापर्यंत पायरीवर नाहीतर बाकड्यावर बसायचं, त्यांना घरी आणून पोचवायचं, भात-आमटी समोर ठेवायची आणि साडेअकराला टिळकवाडीत हजेरी लावायची. रस्त्यातला खड्डा न् खड्डा तिला पाठ होता. मागं बसलेल्या माणसाला आपण गाडीत आहोत हे कळूच नये, अशी ती गाडी चालवायची. आणि नागुबाई दवाखान्यात सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या रूपालीच्या हाताला धक्का म्हणून न्हाय. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसत न्हाय बघा." हे कौतुक ऐकून नर्सबाया रूपालीकडं बघून हसायच्या. रूपालीही हसायची. शेजारचा परशराम शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा, शनिवारी दुपारपर्यंत तो मोकळा असायचा. "वहिनी, शनवारचं मी सोडतो की आक्काला," असं तो नागुबाईंबद्दल दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळेला नागुबाईंनी त्याची व्हॅन म्हणजे डुगडुगी आहे असं सांगून विषय मिटवला होता.

घरी रूपालीनं सांगितलं, "रविवारी ट्रेनिंग हाय. निपाणीला." खोटं ती बोलली नव्हती. नागेंद्रला वाटलं शाळेचं असणार. ट्रेनिंग म्हटल्यावर कुणी आडवं येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला तिथं काही शिकायचं नव्हतं. जायचं, सही करायची, कुठंतरी झाडाखाली गाडी लावायची, सीट मागं पाडायची आणि झोपायचं, एवढाच तिचा बेत होता. घरी रविवार म्हणजे आठवड्याचे कपडे, दळण, आणि "रूपाली, जरा पाठ चोळ गं."

फेब्रुवारीचे दिवस. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. संकेश्वर मागं पडलं, तवंदीचा घाट उतरला, आणि निपाणीच्या अलीकडं एका फलकापाशी ती आत वळली. एका व्यापाऱ्यानं ट्रक उभे करायला म्हणून मोठा माळ काँक्रीट करून घेतला होता. धंदा अजून सुरू व्हायचा होता, म्हणून कंपनीनं ती जागा दिवसभरासाठी घेतली होती. त्या माळावर झाड एकच होतं, लांब कुंपणाजवळ. बाकी सगळं पांढरंफटक. पत्र्याच्या एका शेडखाली टेबलं, पाण्याचे कॅन, आणि समोर ओळीनं मांडलेले नारिंगी रंगाचे कोन.

गाड्या अकरा होत्या. त्यातून उतरलेले बहुतेक पंचविशी-तिशीचे गडी, गॉगल लावलेले. एकटी आलेली बाई ती एकच. आणि वयस्कर म्हणावा असा एकच गृहस्थ होता, पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी. त्यानं आपणहून नमस्कार केला. "मी जिनाप्पा. चिकोडीकडचा. तंबाखूचं करतो. तुमी?"

"रूपाली. उचगावची."

"बरं झालं बाई. मला वाटलं, मी एकटाच चुकून आलोय काय."

शिकवणारा वृषभ नावाचा तरुण होता, तोही याच भागातला. पाच वर्षं कोइमतूरला शर्यतीच्या गाड्या पळवून आता तो गावोगाव हे शिकवत फिरत होता. बोलायला मऊ. त्यानं आधी प्रत्येकाला आपापल्या गाडीत बसवलं आणि एकेकाची बैठक तपासत आला. रूपालीच्या गाडीपाशी येऊन तो वाकला, आरशात बघितलं आणि थोडा वेळ तसाच राहिला.

"मॅडम, ह्या आरशात तुम्हाला मागचा रस्ता दिसत न्हाय."

"न्हाय."

"मग काय दिसतंय?"

रूपालीनं आरशात बघितलं. रोज दिसायचं तेच दिसत होतं. मागची सीट, त्यावरची उशी, टॉवेल, आणि ओकारीसाठी ठेवलेलं झाकणाचं प्लास्टिकचं डबडं. दोन वर्षं आरसा तसाच खाली वळवलेला होता. नागुबाईंचा चेहरा पांढरा पडला की गाडी बाजूला घ्यायची, हे तिला त्या आरशातून कळायचं.

"सासूबाई बसतात मागं," ती म्हणाली. "डायलिसिसच्या."

 हात आत घालून वृषभनं आरसा सरळ केला. अचानक मागची काच उजेडानं भरली आणि रूपालीला उगीचच कुणीतरी आपल्या मागं उभं असल्यासारखं वाटलं.

पहिला खेळ कोनांमधून नागमोडी गाडी नेण्याचा होता. पोरं टायर वाजवत गेली. रूपाली गेली तेव्हा एकही कोन हलला नाही, पण वेळ सगळ्यांत जास्त लागला. जिनाप्पांनी मात्र दहातले सहा कोन पाडले. उतरून ते स्वतःच कोन उचलून जागेवर ठेवू लागले. दोन पोरं हसली. वृषभनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, ती गप्प झाली.

दुसरं होतं ब्रेकचं. ताशी सत्तरच्या वेगानं यायचं आणि दोन लाल कोनांच्या मधे आलं की ब्रेक करकचून दाबायचा, सगळा जीव लावून, गाडी उभी राहीपर्यंत पाय सोडायचा नाही. "बहुतेक माणसं मरतात ती ब्रेक लागला न्हाय म्हणून न्हवं," वृषभ सगळ्यांना सांगत होता, "अर्धाच दाबला म्हणून. पाय भितो. आज पायाची भीती घालवायची."

रूपालीचा नंबर आला. तिनं सत्तर गाठलं. लाल कोन आले, तिनं ब्रेक लावला, आणि गाडी लोण्यासारखी हळूहळू थांबत थांबत पुढच्या, थांबायच्या खुणेच्या कोनांच्याही पार वीस पावलं जाऊन उभी राहिली.

"परत," गाडीत दिलेल्या वायरलेसवर वृषभचा आवाज आला.

परत तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. तिनं ठरवून, दात आवळून पाय उचलला होता, पण पाय पेडलवर पडताना आपोआप मऊ पडला. मागं गाड्या खोळंबल्या होत्या. वृषभ चालत आला आणि शेजारच्या सीटवर बसला.

"आक्का," आता तो मॅडम म्हणायचं विसरला होता, "तुमचा पाय लई हुशार हाय. असा पाय मला दहा वर्षांत जमला न्हाय. पण आत्ता मागं कोण न्हाय."

"माहीत हाय मला."

"तुमाला माहीत हाय. पायाला सांगा."

ती पुन्हा गाडी मागं घेऊन गेली. सत्तर. कोन आले. "आता," वृषभ म्हणाला, आणि रूपालीनं ब्रेकवर पाय नाही, जणू स्वतःला सगळंच टाकलं. पेडल पायाखाली खडखडलं, पट्ट्यानं छाती आवळली, मागून उशी उडून दोन सीटांच्या मधे आली, टॉवेल खाली पडला, आणि डबडं खटकन पुढं येऊन तिच्या कोपरावर आपटलं. गाडी उभी होती. थांबायच्या कोनांच्या पाच पावलं अलीकडं.

 मग रूपालीनं मागं वळून बघितलं. सीट रिकामी होती हे तिला ठाऊक होतं, तरीही तिनं बघितलं.

"बरं हाय?" वृषभनं विचारलं.

"परत करू?"

"करा की."

तिनं ते चारदा केलं. वृषभला सांगायला लागलं की आता बास, बाकीच्यांचे नंबर आहेत. गाडी बाजूला लावून ती उतरली. आनंद झाला म्हणावं तर तसं नव्हतं. पुष्कळ दिवसांचं अडलेलं काहीतरी घशातून बाहेर पडावं आणि त्यानंतर नुसता गळाठा यावा, तसं झालं होतं. शेडखालच्या खुर्चीत ती बसली ती जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाही.

जेवायला जिनाप्पा तिच्या समोर आले. घरून डबा आणला होता, कांदा-लसूण नसलेला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. त्यांनी न विचारता अर्धी भाकरी तिच्या ताटात ठेवली.

"लक्ष्मीबाईनं केलंय. माझ्या मंडळीनं. ती म्हणाली, तिथलं काय खाऊ नकोस."

"तुमाला कोर्सला कुणी पाठवलं?"

"मीच आलो." ते घोटभर पाणी प्याले. "दिवाळीत गाडी कट्ट्यावर घातली मी. कुणाला काय लागलं न्हाय, पण पोरं म्हणाली, आप्पा, आता चावी द्या. अडुसष्ट झाली. मी म्हटलं, कंपनीचा कोर्स हाय, तिथं पास झालो तर मी चालवणार, न्हायतर चावी तुमची. आणि बघा, सहा कोन पाडलं."

"दुपारी परत हाय की."

"बिडरी," ते कन्नडमध्ये म्हणाले, जाऊ दे अशा सुरात. "डोळ्याला कोन दिसतोय, पण गाडी त्येच्यापासनं किती लांब हाय हे कळंना झालंय. सकाळीच समजलं मला. पैलवान गडी जसा एक दिवस उठतो आणि समजतंय त्येला, आता न्हाय जमत, तसं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चाळीस वर्षं झाली, लक्ष्मीबाईला कुठं जायचं असलं की मी न्यायचो. बाहुबलीला, माहेरी, लग्नाला. आता ती पोरांना विचारणार, अरे मला नेतोस काय. तेच्यात मला वाईट वाटतंय. गाडीचं न्हाय."

रूपाली भाकरी चघळत राहिली. मग म्हणाली, "आप्पा, माझ्याकडनं कुणी चावी मागितली तर मी हातात ठेवीन. पण कोण मागतच न्हाय."

जिनाप्पांनी तिच्याकडं बघितलं. "तुमी कुणाला सांगितलंय?"

"काय?"

"दमलोय म्हणून."

"सांगायला काय पायजे? दिसतंय की."

"न्हाय दिसत," जिनाप्पा म्हणाले. "तुमी चांगलं चालवताय न्हवं? चांगलं चालवणाऱ्याचं दमणं कुणाला दिसत न्हाय. माझं कसं, कट्ट्यावर गाडी गेली, सगळ्यांना दिसलं."

 ते दही वाढून घ्यायला उठले.

दुपारी वृषभ एकेकाच्या गाडीत स्वतः चालवायला बसणार होता आणि मालकानं शेजारी बसायचं होतं. आपली गाडी खरी काय करू शकते हे बघायला. पोरांनी आरडाओरडा करत दोन-दोन फेऱ्या मारून घेतल्या, मोबाईलवर चित्रण केलं. रूपालीचा नंबर शेवटून दुसरा. शेजारच्या सीटवर बसून तिनं पट्टा लावला आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, या सीटवर आपण कधी बसलेलोच नाही. या बाजूनं गाडी वेगळीच दिसत होती, मोठी, आणि पायाशी काहीच नव्हतं. ना ब्रेक, ना काही.

पहिली फेरी वृषभनं जोरात मारली. वळणावर ती दाराला चिकटली, वरचा दांडा धरला, एकदा डोळे मिटले. "आता ब्रेक गार व्हायला एक फेरी हळू मारतो," तो म्हणाला. "मग परत एक जोरात." एसीची गार हवा गुडघ्यांवर येत होती. काँक्रीटवरून टायरांचा एकसारखा आवाज येत होता. रूपालीनं मान सीटला टेकली. कुठं जायचं, किती वाजता पोचायचं, मागं कोण पांढरं पडलंय, हे बघायचं काम दुसऱ्या कुणाकडं तरी होतं.

जोरातली फेरी अर्धी झाल्यावर वृषभनं काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. त्याला वाटलं, बाई घाबरून डोळे मिटून बसली असेल. वळण घेऊन त्यानं बघितलं तर तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि मान वळणाबरोबर सैल हलत होती. ताशी नव्वदच्या वेगात ती गाढ झोपली होती.

त्याला काय करावं कळेना. हे त्यानं नंतर तिला सांगितलं. एवढ्या गावांत कोर्स घेतले, या सीटवर माणसं किंचाळलेली बघितली, एकदा एकानं ओकलेलंही बघितलं, पण झोपलेलं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं वेग उतरवला, धक्का न देता गाडी कुंपणाजवळच्या त्या एकमेव झाडाखाली नेली, एसी चालू ठेवून इंजिन सुरूच राहू दिलं आणि दार हळूच लावून तो शेडकडं चालत आला. शेवटचा नंबर जिनाप्पांचा होता. त्यांनी विचारलं, "काय झालं त्या आक्काला?"

"झोपल्या."

"मग असू दे," जिनाप्पा म्हणाले. "माझी फेरी नको मला. मी तिकडं जाऊन बसतो, कोण जाऊन काच वाजवायला नको." आणि ते खुर्ची उचलून त्या झाडाशी जाऊन बसले.

रूपाली जागी झाली तेव्हा पावणेपाच वाजले होते. तोंड कोरडं, मानेत उसण. क्षणभर आपण दवाखान्याबाहेर आहोत असं वाटून तिचा हात दाराकडं गेला. मग बाहेर खुर्चीवर टोपी दिसली. फोनवर नागेंद्रचे सात मिस्ड कॉल.  तिनं लगेच फोन लावला आणि सासूचंच विचारलं.

"काय झालं? आत्तींना काय झालं?"

"काय न्हाय," नागेंद्र म्हणाला. "आईचं लो बीपीचं औषध कुठलं, ते विचारायला केलतो. मग मनुबाईला बोलावलं बाजूच्या, तिनं सांगितलं. दिलं. आता बसल्याय ती. चा पितीय. तुझं ट्रेनिंग झालं?"

"झालं."

"फोन का उचलंनास?"

 ट्रेनिंगमध्ये होतो असं म्हणणं सोपं होतं. "झोपलतो," ती म्हणाली. "गाडीत. अडीच तास."

 मग नागेंद्र म्हणाला, "बरं. हळू ये."

परतीच्या आधी वृषभनं सगळ्यांना सर्टिफिकेट वाटली. जिनाप्पांना देताना तो अडखळला, तेव्हा त्यांनीच ते घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पोरांना दाखवणार न्हाय. चावीच देणार." मग रूपालीकडं वळून, "आक्का, तुमी सांगा घरात. आजच सांगा. उद्या परत चांगलं चालवायला लागाल." त्यांना न्यायला त्यांचा धाकटा मुलगा आला होता. त्यांनीच त्याला फोन करून बोलावलं होतं. आपल्याच गाडीत डाव्या बाजूला बसून ते गेले.

उचगावला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. नागुबाई सोप्यात बसून होत्या. नागेंद्रनं भात केला होता, जरा करपला होता. रूपालीनं पाय धुतले, हात पुसले आणि ती उभ्यानंच बोलली, कारण बसली असती तर राहूनच गेलं असतं.

"आत्ती, शनवारी मी न्हाय येणार. मंगळवार, गुरुवार मी नेतो. शनवारचं परशराम नेऊ दे. हे बरोबर येतील."

नागुबाईंनी आधी मुलाकडं बघितलं. "परशराम लई जोरात चालवतोय."

"मी सांगतो त्येला."

"त्येच्या व्हॅनमधे मला ओकारी हुईल."

"झाली तर हे हाईत. डबडं देतो."

 मग नागुबाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "मी जड झालो व्हय गं तुला?"

या प्रश्नाला नाही म्हणायचं असतं हे रूपालीला माहीत होतं. घराघरांत तसंच म्हणतात. तिनं सासूच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. "तुमी न्हाय, आत्ती. मीच दमलो. लई दमलो."

नागुबाई उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या. नागेंद्र ताट वाढायला लागला. एका डोळ्यानं ताटाच्या कडेचा त्याला नीट अंदाज येत नसे, आमटी जरा सांडली. रूपालीनं फडकं घेतलं, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी पुसतो." आणि मग, पुसता पुसता, "मला आधी सांगायचं न्हाईस?"

"आता सांगितलं की."

दोन दिवस नागुबाई सुनेशी बोलल्या नाहीत. मंगळवारी पहाटे तिचा हात न धरता स्वतःच गाडीत चढल्या आणि येताना डोळे मिटून राहिल्या. शनिवारी परशराम व्हॅन घेऊन आला, मागच्या सीटवर गोधडी टाकून. नागेंद्र शेजारी बसला. हिंडलग्याच्या पुढं एकदा ओकारी झाली, असं त्यानं आल्यावर सांगितलं, पण ती रूपालीच्या गाडीतही कधीमधी व्हायचीच.

त्या शनिवारी रूपालीला सवयीनं पावणेपाचलाच जाग आली. व्हॅन गेल्यावर ती पुन्हा आडवी झाली आणि आठ वाजता डोकं ठणकत उठली. तिला वाटलं होतं, मोकळं वाटेल. वाटलं नाही. घरभर फिरली, दोनदा फोन हातात घेतला, ठेवला. दमणूक अशी एका सकाळीत उतरत नाही हे तिला कळायला चार-पाच शनिवार जावे लागले. मधले दोन चुकलेही. एकदा परशरामच्या घरी लग्न होतं, एकदा नागेंद्रला कारखान्यानं सोडलं नाही. तेव्हा तीच गेली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, शाळेला सुट्टी असताना, व्हॅन दारात थांबली तेव्हा ती अंगणात सांडगे वाळत घालत होती. नागुबाई परशरामच्या खांद्याला धरून उतरल्या. चेहरा पांढरा होता, पण नेहमीपेक्षा जास्त नव्हता. परशरामनं रस्ता बदलला, मधे गाडी थांबवून चहा घेतला, गाणी लावली, अशी एकेक तक्रार त्या करत आल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी सुनेकडं बघितलं.

"जेवलीस?"

"न्हाय अजून."

"जेव आणि पड जरा," त्या म्हणाल्या. "सांडगं मी राखतो, बसून." आणि भिंतीला टेकून, कावळा हाकायला काठी मांडीवर घेऊन, त्या सावलीत बसल्या.